लष्करी थरारकथेची नायिका: कथेला जोर कुठून येतो आणि ती कुठे फसते

प्रश्न असा आहे. लष्करी थरारकथेत मुख्य पात्र बाई असेल, म्हणजे गणवेश तिच्या अंगावर, तुकडी तिच्या हाताखाली आणि मोहिमेचा भार तिच्या डोक्यावर, तर अशा कादंबरीची ताकद कशात असते आणि ती कुठे कच्ची राहते? त्याला जोडून एक पोटप्रश्नही आहे. मसुदा वाचणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात, ‘ही नावापुरती बाई आहे, वागते पुरुषासारखी.’ उरलेले म्हणतात, ‘पानोपानी तिच्यावर अन्यायच होतोय, मोहीम कुठे आहे?’ या दोघांचं काय करायचं?

या तक्रारी एकमेकींच्या उलट वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. नायिकेचं बाई असणं लेखकाने संवादांत ठेवलं आहे, घटनांत उतरवलेलं नाही. कुणीतरी टोमणा मारतो, ती उत्तर देते, आणि कारवाई सुरू झाली की पुढे जे होतं ते कुणाच्याही बाबतीत तसंच झालं असतं. तपासायची रीत सोपी आहे. नायिकेचं नाव खोडून तिथे पुरुषाचं नाव घाला आणि प्रसंग पुन्हा वाचा. काहीच अडलं नाही, तर तो प्रसंग तिचा नव्हता. फक्त टोमणे गळाले आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, तर टोमणे वरून चिकटवलेले होते. पण जिथे नाव बदलताच दार उघडत नाही, माहिती मिळत नाही किंवा हुकूमच वेगळा द्यावा लागतो, तिथे कथेने नायिकेला खरं काम दिलेलं आहे. सगळेच प्रसंग असे हवेत असं मुळीच नाही. चाळीस प्रसंगांच्या कादंबरीत दहा-बारा पुरतात. नकाशा वाचणं, तोफांचा मारा मागवणं, जखमीला आडोशाला नेणं ही कामं बाईने केली काय आणि पुरुषाने केली काय, सारखीच होतात. ती सारखीच लिहावीत.

पुरुष जाऊ शकत नाहीत ती खोली

या प्रकारातली सर्वांत मोठी ताकद म्हणजे प्रवेश. अफगाणिस्तानात रात्रीचे छापे पडत तेव्हा घरातल्या बायकांची झडती घेणं आणि त्यांच्याशी बोलणं पुरुष सैनिकांना शक्य नव्हतं. म्हणजे घरातल्या निम्म्या माणसांकडची माहिती हाती लागतच नव्हती. म्हणून अमेरिकी लष्कराने २०११ च्या सुमारास निवडक स्त्री सैनिकांच्या छोट्या तुकड्या तयार करून त्या विशेष दलांबरोबर छाप्यांवर पाठवल्या. नॉर्वेने २०१४ मध्ये ‘येगरट्रोपेन’ ही केवळ स्त्रियांची विशेष टेहळणी तुकडी उभी केली, तिच्यामागेही अफगाणिस्तानचाच अनुभव होता. नायिकेशिवाय हलूच शकणार नाही असं कथानक इथे आयतं मिळतं, पण बहुतेक लेखक ते दोन वाक्यांत उरकतात: ‘तिने बायकांची झडती घेतली. काही सापडलं नाही.’

हा प्रसंग जवळून पाहा. रात्रीचे दोन वाजलेत. आवारातले पुरुष बाहेर काढले आहेत, बायका आणि मुलं एका खोलीत बसवली आहेत. झडती घेणारीला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून रायफल पाठीवर सरकवून पट्टा आवळावा लागतो. नाही आवळला तर वाकल्याबरोबर रायफल पुढे झुलते आणि समोरच्या बाईच्या हाताशी येते. म्हणजे झडती चालू असेपर्यंत नायिका जवळजवळ निःशस्त्र आहे. तिचा सगळा भरवसा कोपऱ्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या स्त्री सैनिकावर, आणि तिच्या नेमरेषेत आपण येणार नाही अशा बाजूनेच नायिकेला प्रत्येकीकडे जावं लागतं. डोक्यापासून पायापर्यंत ठरलेल्या क्रमाने जायचं: केस, मानेमागे, काखा, कंबर, मांड्यांची आतली बाजू, पावलं. तान्ह्या मुलाचं दुपटंसुद्धा उलगडायचं. हात फिरवायचा नाही, दाबत न्यायचा, कारण वरून फिरणाऱ्या हाताला कापडाच्या घडीतलं सिमकार्ड लागत नाही. खोलीत आठ जण आहेत आणि बाहेरून वायरलेसवर विचारणा होतेय की अजून किती वेळ.

यातून तिला मिळणारी गोष्ट शस्त्रच असावी असं नाही. खोलीत माणसं आठ आणि घातलेली अंथरुणं अकरा, एवढं दिसलं तरी पुरे. तीन माणसं कुठे गेली? तुकडीचा प्रमुख परतीच्या हेलिकॉप्टरची वेळ बघतोय, त्याला ही तीन अंथरुणं महत्त्वाची वाटत नाहीत. इथून खरी थरारकथा सुरू होते, आणि एकही टोमणा न लिहिता नायिकेची अडचण वाचकाला कळते: माहिती तिच्याकडे आहे, निर्णय दुसऱ्याकडे आहे, आणि मध्ये दहा मिनिटं आहेत.

लिहिताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे दुभाषा पुरुष ठेवणं. मग तो त्या खोलीत आलाच कसा, हा प्रश्न उरतो. दुभाषी बाईच लागते, आणि ती सैनिक नसते, त्यामुळे तिची भीती आणि तिचा विश्वास हा वेगळा धागा होतो. दुसरी चूक म्हणजे खोलीतल्या बायका नायिकेला बघताच विरघळून सगळं सांगून टाकतात. मध्यरात्री दार फोडून आलेल्या शस्त्रधारी बाईवर कुणी विश्वास का ठेवेल? बोलणं आपसूक निघत नाही, ते काढावं लागतं. आधी मुलांना पाणी, मग म्हाताऱ्या बाईला मान, प्रश्न शेवटी.

कागद आणि जमीन यांतलं अंतर

दुसरी ताकद नियमांत आहे, आणि तिचा वापर फारच कमी होतो. २० मार्च २००५ रोजी इराकमध्ये सलमान पाकजवळ रसदीच्या ताफ्यावर मोठा घात झाला. मिलिटरी पोलिसांच्या तुकडीतली सार्जंट ली अ‍ॅन हेस्टर हल्लेखोरांच्या बगलेवर गेली आणि आपल्या प्रमुखाबरोबर तिने त्यांचा खंदक हातबॉम्ब आणि रायफलीच्या बळावर मोकळा केला. तिला सिल्व्हर स्टार मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पदक मिळालेली ती पहिली स्त्री. त्या वेळी अमेरिकी नियमांनुसार थेट जमिनीवरच्या लढाईसाठी असलेल्या तुकड्यांत स्त्रियांची नेमणूक होत नव्हती. मिलिटरी पोलीस ही ‘लढाऊ तुकडी’ नव्हती. पण जिथे आघाडीची रेषाच नाही, तिथे ताफ्याचं रक्षण हीच लढाई होते.

तो नियम १९९४ चा. त्यातून वाट काढायला अधिकारी शब्दांचा आधार घेत: स्त्री सैनिक त्या तुकडीत ‘नेमलेली’ नाही, ‘जोडलेली’ आहे. थरारकथेच्या लेखकाने या एका शब्दावर थांबायला हवं. जोडलेल्या माणसाचा अहवाल वेगळ्या वाटेने जातो, त्याच्या अनुभवाची नोंद वेगळ्या खात्यात होते, आणि ज्यांच्याबरोबर तो लढतो त्यांच्या साखळीत त्याचा आवाज कमी असतो. खलनायक न आणता संघर्ष हवा असेल तर तो इथे आहे.

म्हणूनच कथेचं वर्ष ठरवल्याशिवाय पहिलं पानसुद्धा लिहू नये. अमेरिकेने ही बंदी जानेवारी २०१३ मध्ये उठवली, आणि सगळी लढाऊ पदं स्त्रियांना खुली करण्याचा निर्णय डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाला. भारतीय लष्कराच्या तोफखान्यात २०२३ मध्ये पहिल्यांदा महिला अधिकारी आल्या, तेव्हा पायदळ आणि रणगाडा दल त्यांना बंदच होतं. २०१० मधली अमेरिकी किंवा भारतीय नायिका पायदळाच्या कंपनीची कमांडर दाखवली की जाणकार वाचक पहिल्याच प्रकरणात पुस्तक मिटतो. तीच नायिका सिग्नल्स, इंजिनिअर्स, गुप्तवार्ता किंवा मिलिटरी पोलिसांत ठेवली, तर ती लढाईच्या मधोमध कशी पोहोचली हेच कथानक होतं.

प्रशिक्षणाच्या प्रकरणांनाही हेच लागू आहे. नायिका प्रत्येक परीक्षेत पहिली येते, नेमबाजीत प्रशिक्षकाला हरवते, दोरावर सगळ्यांच्या आधी चढते, आणि वाचकाचा रस तिथेच संपतो. प्रत्यक्षात काय झालं ते बघा. अमेरिकेचं रेंजर स्कूल हे साधारण दोन महिन्यांचं प्रशिक्षण. २०१५ मध्ये ते पूर्ण करणाऱ्या पहिल्या दोघी, क्रिस्टन ग्रिस्ट आणि शे हेव्हर, एप्रिलमध्ये दाखल झाल्या आणि ऑगस्टमध्ये उत्तीर्ण झाल्या, कारण अपुरे पडलेले टप्पे त्यांना पुन्हा करावे लागले, आणि एका क्षणी तर पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली. पुन्हा पहिल्या दिवसावर जायला होकार देणारी बाई ही प्रत्येक वेळी जिंकणाऱ्या बाईपेक्षा किती तरी मोठी नायिका आहे.

वजनाचा हिशेब

आता कच्च्या बाजू. पहिली शरीराची, आणि इथे लेखक दोन टोकांना जातात: एक तर शरीर आहे हेच विसरतात, नाही तर सहा-सहा धटिंगणांना ती हातांनी लोळवते.

हिशेब मांडा. प्लेटांसकट बुलेटप्रूफ जॅकेट साधारण १३ किलो, हेल्मेट दीड, दुर्बिणीसकट रायफल ४, भरलेली सात मॅगझिन साडेतीन, तीन लिटर पाणी ३, वायरलेस आणि जादा बॅटऱ्या ५, रात्री दिसण्याची दुर्बीण, प्रथमोपचार, हातबॉम्ब आणि किरकोळ सामान मिळून ३. बेरीज ३३ किलो. ८० किलोच्या पुरुषाला हे त्याच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, ६० किलोच्या बाईला पंचावन्न टक्के. यात मुक्कामाची पाठपिशवी धरलेलीच नाही. सरासरीने स्त्रियांच्या खांद्या-हातांची ताकद पुरुषांच्या निम्म्याहून थोडी जास्त असते, पायांच्या ताकदीतला फरक त्यापेक्षा कमी असतो. म्हणून भिंतीवरून वर ओढून घेणं तिला लांब चालण्यापेक्षा जास्त जड जातं. प्रशिक्षणात नडगी आणि ओटीपोटाच्या हाडांना बारीक तडे जाण्याचं प्रमाणही स्त्रियांत जास्त आढळतं.

हे लपवायचं कशाला? हा आकडा कथेला वापरू द्या. चढावर आपण मागे पडू नये म्हणून नायिका निघताना वायरलेसची एक बॅटरी कमी घेते, दीड किलोची. नवव्या तासाला वायरलेस बंद पडतो. तो दोष तिचा आहे, कारण समजण्यासारखं आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते. असा एक निर्णय तिला जितकं माणूस करतो तितकं दहा पानांचं पूर्वायुष्य करत नाही.

साहित्याची बारीक गोष्टही इथेच येते. केसांचा अंबाडा बांधून बाई पालथी पडली आणि नेम धरायला मान वर केली, की जॅकेटची मागची कड अंबाड्याला ढकलते, अंबाडा हेल्मेटला ढकलतो, आणि हेल्मेटची पुढची कड डोळ्यांवर येते. नेम दिसेनासा होतो. एका हाताने हेल्मेट मागे सारावं तर रायफलीवरचा हात सुटतो. यावर उपाय म्हणजे सैलसर वेणी घालून ती पाठीवर जॅकेटच्या आत सोडणं. अमेरिकी लष्कराच्या केशरचनेच्या नियमात तशी मोकळीक २०२१ मध्ये आली. पुरुषी मापाचं जॅकेट लांबीला जास्त पडतं. बसल्यावर त्याची खालची कड मांडीत रुतते आणि वरची हनुवटीकडे सरकते, त्यामुळे गाडीतून उतरताना अर्धा सेकंद जादा जातो. घाताच्या प्रसंगात हा अर्धा सेकंद सोन्यासारखा आहे.

वैमानिक नायिका असेल तर लघवीचा प्रश्न टाळू नका. लांबच्या उड्डाणात कॉकपिटमध्ये सोय गैरसोयीची, म्हणून काही जणी आधीपासून पाणीच कमी पितात. शरीरातलं पाणी कमी झालं की तीव्र वळणात रक्त डोक्याकडून खाली उतरताना तग धरण्याची क्षमता घटते, नजर कडांनी काळी पडू लागते. सकाळी न प्यायलेला पाण्याचा ग्लास आणि दुपारच्या हवाई झुंजीतले ते दोन सेकंद, हा कार्यकारणभाव वाचकाला कुठेच शिकवावा लागत नाही.

हातघाईबद्दल थोडक्यात. बंदूक ताकदीतला फरक मिटवते, कुस्ती मिटवत नाही. हातघाई आणायचीच असेल तर ती तीन-चार सेकंदांची ठेवा, आणि नायिकेचा हेतू समोरच्याला हरवण्याचा नसून अंतर तयार करून शस्त्र काढण्याचा ठेवा. जिना, अंधार, चिखल, अरुंद दार तिच्या बाजूने वापरा. जखमीला खांद्यावर टाकून धावणंही सोडा, आणि ते पुरुष पात्रांसाठीही सोडा. ८० किलोचा सैनिक आणि ३० किलोचं सामान म्हणजे ११० किलो. जॅकेटच्या मागे याचसाठी मूठ असते. ती धरून मागे मागे ओढत पहिल्या आडोशापर्यंत दहा-पंधरा मीटर न्यायचं, आणि पुढे दोघांनी उचलायचं.

कमांडरचं हत्यार वायरलेस असतं

माझ्या मते या प्रकारच्या कथांचं सर्वांत मोठं नुकसान एकटेपणाने होतं. लेखकाला नायिका ठळक करायची असते, म्हणून तो बाकीच्यांना मूर्ख, घाबरट किंवा मृत करून टाकतो. पण लष्कर ही माणसांची साखळी आहे. प्लाटून म्हणजे तीसेक माणसं, कंपनी म्हणजे शंभर-दीडशे. कंपनीची कमांडर स्वतः दारं फोडत फिरली तर कंपनी कोण चालवतंय? तिचं काम म्हणजे कोण कुठे आहे हे डोक्यात ठेवणं, जखमींचा आकडा घेणं, दारूगोळा कुणाकडे किती उरलाय ते विचारणं, आणि तीन वाईट पर्यायांतला एक वेळेत निवडणं. हे नीट लिहिलं तर गोळीबारापेक्षा जास्त श्वास रोखायला लावतं.

त्यासाठी वायरलेसची भाषा अचूक हवी. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, आता तू बोल. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकत्र कुणी म्हणत नाही. ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायचं नाही, ‘से अगेन’ म्हणायचं, कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा. घाबरलेल्या नवख्या लेफ्टनंटच्या तोंडी हा एक चुकीचा शब्द घातला तर अख्खं प्रकरण उभं राहतं. हुद्देही तपासा. पायदळातला कॅप्टन आणि नौदलातला कॅप्टन यांच्यात मोठं अंतर आहे, नौदलाचा कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा.

हाताखालच्या माणसांनाही अक्कल द्या. अनुभवी सुभेदार किंवा सार्जंट नव्या महिला अधिकाऱ्याची परीक्षा घेतो ती टोमण्यांनी नाही. तो तिला तिच्या हुकुमातली चूक करू देतो आणि ती किती लवकर पकडते हे बघतो. त्याच्या मनातली शंका अर्धी तिच्या बाई असण्याबद्दल आणि अर्धी तिच्या नवखेपणाबद्दल असते, आणि कोणती कुठे संपते हे त्यालाही ठाऊक नसतं. असा माणूस कथेला हवा. तिला हिणवणारा, शेवटी गद्दार निघणारा मेजर कुणालाच नको आहे. वाचक त्याला दुसऱ्या प्रकरणात ओळखतो.

भेदभाव लिहायचा असेल तर लहान आवाजात लिहा. सोव्हिएत नेमबाज ल्युडमिला पावलिचेन्को हिच्या नावावर ३०९ बळींची नोंद होती. १९४२ मध्ये ती अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, तर पत्रकारांनी तिला आघाडीवर मेकअप करता येतो का, गणवेशाचा स्कर्ट इतका लांब का, असं विचारलं. विचारणारे शत्रू नव्हते, सौजन्याने विचारत होते. तोच घाव खोल जातो.

एकटेपणावर दुसरा उपाय म्हणजे एकापेक्षा जास्त बायका. सोव्हिएत हवाई दलाच्या ५८८ व्या रात्र-बाँबर रेजिमेंटमध्ये वैमानिक, दिशादर्शक, मेकॅनिक, बाँब चढवणाऱ्या अशा सगळ्या स्त्रियाच होत्या. विमान होतं पो-२, लाकूड आणि कापडाचं, वेग ताशी जेमतेम दीडशे किलोमीटर. एका वेळी बाँब थोडेच नेता येत, म्हणून रात्रीत अनेक फेऱ्या. लक्ष्याजवळ इंजिन मंद करून तरंगत यायचं आणि बाँब टाकून पुन्हा इंजिन वाढवायचं. १९४४ पर्यंत पॅराशूटही नव्हती. अशा जागी ‘बाई असणं’ हा कुणाचाच स्वभाव उरत नाही. एक बेफिकीर असते, एक नियमावर बोट ठेवणारी, एक प्रत्येक फेरीआधी गप्प होणारी. एकटी नायिका सगळ्या स्त्रीजातीची प्रतिनिधी होते आणि त्या ओझ्याखाली तिचा स्वभाव दबतो. दुसरी बाई आली, आणि ती नायिकेशी असहमत असली, की हे ओझं उतरतं. ती दुसरी हुशार असावी, आणि एखाद्या मुद्द्यावर तिचंच बरोबर असावं.

पूर्वायुष्य आणि प्रेम

शहीद वडील, हरवलेला भाऊ किंवा झालेला अत्याचार यांशिवाय बाई सैन्यात जाईलच कशी, असं मानून लिहिलेली प्रकरणं सरसकट कापावीत. काम आवडतं, काम येतं, हे कारण पुरुष नायकाला पुरतं, तिलाही पुरतं. अत्याचाराचा प्रसंग कथेत असेलच तर त्याचे परिणाम पुढच्या प्रत्येक निर्णयात दिसले पाहिजेत: तक्रार कुणाकडे गेली, साक्ष कुणी बदलली, बदली कुणाची झाली. नुसता राग पेटवायला तो वापरू नये.

हुकमाच्या साखळीतलं प्रेम हा शिस्तभंग आहे, त्यावर कारवाई होते. लेखक तो गोड प्रसंग म्हणून लिहितात, तर तो धोका म्हणून लिहायला हवा. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला ती टेकडीवर पाठवेल का? पाठवलं तरी आणि नाही पाठवलं तरी बाकीची तुकडी काय समजेल?

तांत्रिक चुका इथे महाग पडतात

शस्त्रांच्या चुका सगळ्याच थरारकथांत असतात, पण इथे त्यांचा दंड नायिकेला बसतो. साशंक वाचक ‘लेखकाला माहीत नाही’ असं म्हणत नाही, ‘हिला जमत नाही’ असं म्हणतो. म्हणून या जागा दोनदा तपासाव्यात.

मिनिटाला ८०० गोळ्यांच्या वेगाने ३० गोळ्यांचं मॅगझिन सव्वादोन सेकंदांत संपतं. सातही मॅगझिन धरली तर सोळा सेकंदांपेक्षा कमी. अर्धं पान अखंड गोळीबार लिहिला की नायिका रिकामी झालीच. दारूगोळ्याची वही ठेवा: प्रसंगाच्या सुरुवातीला किती, शेवटी किती. सायलेन्सरने आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही, आणि ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका तर राहतोच. हजार मीटरवर रायफलीची गोळी पोहोचायला दीड सेकंदाहून जास्त लागतो आणि आवाज सुमारे तीन सेकंदांनी येतो. म्हणजे माणूस आधी पडतो आणि शेजारच्याला आवाज नंतर ऐकू येतो. हातबॉम्बची पिन दातांनी निघत नाही, दात निघतो. उष्णता टिपणारा कॅमेरा खिडकीच्या काचेपलीकडे बघू शकत नाही. रात्री दिसण्याच्या दुर्बिणीत नजरेचा पट्टा बराच अरुंद होतो आणि अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून पायरी चुकणं हा अगदी खरा अपघात आहे.

‘खांद्यालाच तर लागलंय’ हे वाक्य मसुद्यातून काढून टाका. तिथून मोठी रक्तवाहिनी आणि हाताच्या नसांचं जाळं जातं. तो हात पुढच्या प्रकरणात रायफल धरणार नाही. मांडीची मुख्य रोहिणी फाटली तर तीनेक मिनिटांत जीव जाऊ शकतो. टुर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) जखमेच्या वर पाच-सात सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही, आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळत जायची. हे भयंकर दुखतं, शुद्धीतला जखमी बांधणाऱ्याचा हात ढकलतो. मग त्यावर वेळ लिहायची. नायिकेने बोटावरच्या रक्ताने का होईना ‘०३१०’ लिहिलं, तर पुढच्या वीस पानांत वाचक स्वतःच घड्याळ बघत राहतो.

मसुदा दुरुस्त करताना

आधी सगळ्या प्रसंगांची यादी करून नाव-बदलाची कसोटी लावा आणि प्रत्येकापुढे नोंद करा: काही बदललं नाही, फक्त संवाद बदलले, की घटना बदलली. मधल्या गटातले निम्मे प्रसंग कापता येतात, उरलेल्यांत टोमण्याच्या जागी एखादी खरी अडचण घालता येते. त्यानंतर वजन, दारूगोळा, पाणी आणि वेळ यांचा तक्ता, तासागणिक. मग हुकमाची साखळी एका कागदावर काढा आणि प्रत्येक मोठा निर्णय कुणाच्या अधिकारातला होता ते लिहा. नायिकेने अधिकाराबाहेर जाऊन काही केलं असेल तर त्याचा हिशेब कुठे दिला जातो, ते पान शोधा. बहुधा ते लिहिलेलंच नसतं.

आरशासमोर उभी राहून स्वतःचं रूप न्याहाळणारी नायिका काढून टाका. सकाळी जॅकेटचे पट्टे आवळताना तिला काय दिसतं? डावी चिकटपट्टी झिजलीय, एवढंच.

तपासायला दोन वाचक निवडा: गणवेशात काम केलेली एक बाई आणि महिला अधिकाऱ्याच्या हाताखाली काम केलेला एक पुरुष. ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, त्यावर कौतुकच येतं. तिला विचारा, कुठल्या पानावर ही बाई थकायला हवी होती आणि थकली नाही. त्याला विचारा, कुठला हुकूम तुम्ही मानला नसता आणि का.

शेवटचं प्रकरण बहुतेक मसुद्यांत पदक समारंभाचं असतं. त्याऐवजी कारवाईचा अहवाल ठेवून बघा: वेळा, ठिकाणं, खर्ची पडलेल्या गोळ्या, जखमी, मृत. ‘खोलीत माणसं आठ, अंथरुणं अकरा’ ही ओळ त्यात जाते की नाही, गेली तर कुणाच्या नावावर जाते, आणि खाली सही करणारा ती वाचून कुठे थांबतो.